अठराशे बासष्ट दिवस

किल्ली अर्धी फिरवली तोच पडद्यावर अक्षरं आली:
सर्व्हिस चुकली आहे. अठराशे बासष्ट दिवस.
ओरडणं नाही, दम देणं नाही,
उशिरा आलेल्या पोराकडे न बघता
मास्तर हजेरी मांडतो, तसं.

बाहेर उणे नऊ. मारियामपोलेच्या या गल्लीत
खांबावरचं करकोच्याचं घरटं बर्फानं भरलेलं.
ब्रोन्ये बाई गॅरेजच्या दारात,
अंगात नवऱ्याचा कोट, बाह्या बोटांच्याही खाली.
किंमत त्यांनी एकदाच सांगितली
आणि लगेच खाली बघितलं,
जणू जास्त सांगितली. खरं तर फारच कमी.

माझा मेहुणा विर्गिस गाडीखाली.
तिथूनच त्याचा आवाज येतो, एकेक करत,
चेन ताणलीय, गिअरबॉक्सचं तेल डांबर झालंय,
मागचा डावा एअर सस्पेन्शन गळतोय,
रात्रीत ही बसणार, म्हाताऱ्या कुत्र्यासारखी,
आधी मागचा पाय.
मग बाहेर येऊन, हात पुसत, माझ्या कानात:
"चार आण्याची कोंबडी, दादा. मसाला विचारू नकोस."

मी ऐकतो. मला कळतं.
एकतीस वर्षं आलितूसची बस चालवली,
तिचा हीटर फक्त माझा डावा गुडघा शेकायचा.
इंजिन खोटं बोलायला लागलं की
मला पायाच्या तळव्यातून समजतं.
पण या सीटचं चामडं
मी बसल्यावर हळूच उसासलं,
आणि बाईंनी चटकन मान वळवली,
हा उसासा त्यांच्या ओळखीचा होता.

सर्व्हिसचं पुस्तक काढून दिलं त्यांनी.
डॉक्टर दातांचे. दर सहा महिन्यांनी या,
असं अर्ध्या गावाला बजावणारे.
पुस्तकातही तसंच. शिक्के सरळ रेषेत, तारीख, सही,
समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर:
"ब्रेक पॅड मूळचेच घालणे."
सतराव्या पानापर्यंत.
अठराव्या पानावर चौकोन कोरे,
एकोणिसाव्यावर कोरे.

"मग ते चालवत नव्हते," बाई म्हणाल्या.
"इथंच बसायचे, संध्याकाळी. किल्ली अर्धी.
रेडिओवर बातम्या, मग हवामान.
मी सूप गरम करून हाक मारायची,
ते म्हणायचे, आलोच, एवढं धुकं संपू दे."
त्यांनी कोटाची बाही वर सारली. ती पुन्हा खाली आली.
"धुकं रेडिओतलं हो. इथं स्वच्छ असायचं."

विर्गिस थंडीनं पाय आपटतोय.
मी हिशेब करतोय, मनात, दोनदा, वेगवेगळा.
दांगुओले म्हणेल, छप्पर गळतंय आणि तुला हत्ती हवाय.
बरोबर म्हणेल.
माझी मागची दाढ गेल्या ईस्टरपासून ठणकतेय,
तिलाही कुठे शिक्का आहे.

मी हो म्हटलं नाही. नाहीही नाही.
"गुरुवारी सांगतो," म्हटलं,
आणि बाईंनी पुस्तक माझ्याच हातात ठेवलं:
घरी दाखवा, नीट बघा, घाई नाही.
घाई नाही, असं आजवर मला
बस सुटायच्या वेळी कोणी म्हटलं नव्हतं.

विर्गिसला त्याच्या कामावर जायचं होतं.
मी परत बसनं आलो, माझ्याच मार्गाच्या,
नवा पोरगा चालवत होता, वळणावर क्लच जाळत.
तिसऱ्या रांगेत बसलो, खिडकीशी, प्रवासी म्हणून.
बाहेर शेतं पांढरी, लांबपर्यंत.

छातीजवळच्या खिशात ते पुस्तक.
आता गाडी घेतली काय, नाही घेतली काय,
गुरुवारी मला तिथं जावंच लागणार.
काल्वारियाच्या थांब्यावर कोणी चढलं नाही.
मी अठरावं पान उघडून
तारखेच्या चौकोनावर
अंगठा ठेवून बघितला.
मावतो.